'टायर फुटल्याने' असं लिहिण्याआधी

गेली वीस-बावीस वर्षं शिरूर-दौंड भागातल्या बातम्या देतोय. या काळात एक वाक्य माझ्या हातून इतक्या वेळा लिहून झालंय की आता ते आपोआप टाईप होतं. "टायर फुटल्याने चालकाचा ताबा सुटला आणि..." पुढे फक्त गावाचं नाव आणि जखमींचा आकडा बदलायचा. कधी यवत, कधी पाटस, कधी कारेगाव, कधी न्हावरे.

खरं सांगतो, एकदाही मी पोलिस ठाण्यात विचारलं नाही की साहेब, टायर का फुटला? त्यात हवा किती होती? टायर किती वर्षांचा होता? आपल्याकडे टायर फुटला म्हणजे जणू वीज पडली. कुणाची चूक नाही, कुणावर जबाबदारी नाही. बातमी संपली, पुढची घ्या.

हे आज लिहायचं कारण म्हणजे माझ्या दाजींची गाडी.

दाजी दौंडकडचे. ऊसवाले शेतकरी. थोडी जमीन रस्त्यात गेली, त्याचे पैसे आले आणि दाजींनी हौसेनं एक मोठी एसयूव्ही घेतली. सेकंडहँड, पण नवी असताना पन्नास लाखांच्या पुढची. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच. मागच्या हिवाळ्यात एका लग्नाला पहाटेच निघालो, चौफुल्यावरून न्हावरेमार्गे शिरूरकडे. मी पुढे बसलेलो. मागे ताई, दोन भाचे आणि आईसाहेब, म्हणजे दाजींची आई.

गाडी चालू झाल्या झाल्या समोर पिवळा दिवा लुकलुकायला लागला. घोड्याच्या नालेसारखा आकार, मध्ये उद्गारचिन्ह. मिनिटभर लुकलुकला आणि मग तसाच लागून राहिला.

"दाजी, हा दिवा कसला?"

"आरं, ते रोजचंच हाय. ओके दाबायचं, मेसेज जातो."

"कधीपासून लागतोय?"

"गाडी घेतल्यापासनं."

आणि दाजींनी ओके दाबलं. मेसेज गेला. दिवा राहिला. पाचच मिनिटांत आणखी एक मेसेज आला, दाजींनी तोही न वाचता घालवला. समोर उसाच्या ट्रॉल्या, दोन्ही बाजूला धुकं. रस्ता मोकळा मिळाला की काटा शंभराच्या पुढे.

वाटेत मी खोदून विचारलं. तेव्हा कळलं की दाजी काही हातावर हात ठेवून बसले नव्हते. पुण्यात एका ठिकाणी गाडी दाखवली होती. तिथे सांगितलं, चारही चाकांचे सेन्सर बदला. खर्च पाच आकडी. दाजी परत आले. मग ओळखीतला एक गॅरेजवाला भेटला. तो म्हणाला, "कशाला एवढे पैसे घालता? कॉम्प्युटर लावून तो दिवाच कायमचा बंद करून देतो." दाजींना हे पटलं होतं. पुढच्या आठवड्यात जाणार होते.

माझी आजची सगळी पोस्ट या एका वाक्याबद्दल आहे. "दिवाच बंद करून देतो."

मी काही मेकॅनिक नाही. पण पत्रकाराला चार लोकांना विचारून आणि चार पानं वाचून विषय समजून घेता आला पाहिजे. तेवढं मी केलं. आणि एका रविवारी सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, आम्ही दोघं साधं हवेचं गेज घेऊन बसलो. काय सापडलं ते सांगतो. पण आधी हा दिवा चालतो कसा, ते थोडक्यात. म्हणजे तुमच्या गाडीतही तो लागला तर उपयोगी पडेल.

हा दिवा दोन पद्धतींनी चालतो. महागड्या गाड्यांत बहुतेक वेळा प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला, काडेपेटीपेक्षा लहान असा एक सेन्सर बसवलेला असतो. तो आतला दाब मोजतो आणि रेडिओ लहरींवरून गाडीला कळवतो. त्यात छोटी बॅटरी असते, ती सीलबंद असते. साधारण पाच ते दहा वर्षांत ती संपते आणि मग सगळा सेन्सरच बदलावा लागतो. दुसऱ्या पद्धतीत चाकात काहीच नसतं. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं, म्हणून जरा जास्त वेगाने फिरतं. ब्रेकच्या एबीएसचे सेन्सर तो फरक पकडतात आणि गाडी अंदाज बांधते. अशा गाडीत हवा भरून झाल्यावर मेनूत जाऊन 'रिसेट' करावं लागतं. काही लोकांचा दिवा केवळ ते न केल्यामुळे लागून राहतो.

आता महत्त्वाचं. पहिल्या पद्धतीच्या बहुतेक गाड्यांत हा दिवा दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. लागला आणि न लुकलुकता तसाच राहिला, तर समजायचं की एखाद्या टायरात हवा कमी आहे. गाडी चालू केल्यावर मिनिट-दीड मिनिट लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर समजायचं की यंत्रणेतच बिघाड आहे, कुठला तरी सेन्सर बोलत नाहीये. डॉक्टर जसा ताप आणि थर्मामीटरचा बिघाड यात गल्लत करत नाही, तसं इथेही करायचं नाही.

तर रविवारी सकाळी आम्ही काय केलं?

आधी ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचा स्टिकर वाचला. गाडीला किती हवा पाहिजे ते तिथे लिहिलेलं असतं. काही गाड्यांवर आकडा केपीए किंवा बारमध्ये असतो. २४० केपीए म्हणजे आपले साधारण ३५ पॉईंट. टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा बघायचा नाही. तो त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो, तुमच्या गाडीची गरज नाही. दाजींना हा स्टिकर आहे हेच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, माझ्या छोट्या गाडीवर तो बारा वर्षं असून.

मग थंड टायरची हवा मोजली. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असलेली. स्टिकर सांगतो ३५. पुढची दोन्ही चाकं ३१. मागचं डावं ३३. मागचं उजवं २५.

पंचवीस! गाडीच्या स्क्रीनवरही तोच आकडा लाल रंगात दिसत होता. आणि मागच्या डाव्या चाकाच्या जागी आकडाच नव्हता, नुसत्या दोन आडव्या रेघा.

म्हणजे एका दिव्याआड दोन दुखणी होती. डाव्या चाकाचा सेन्सर बोलत नव्हता, म्हणून दिवा रोज लुकलुकत होता. आणि रोज लुकलुकतो म्हणून उजव्या चाकातली हवा खरोखर कमी होतेय, हे सांगणारा दुसरा मेसेज कुणी वाचलाच नाही. 'लांडगा आला रे आला'ची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. इथे पोरगं खोटं बोलत नव्हतं. आपणच ऐकणं सोडून दिलं होतं.

गाडी हळूहळू पंक्चरच्या दुकानात नेली. उजव्या टायरात खिळा निघाला. ट्यूबलेस टायरात खिळा तसाच रुतून बसतो, हवा दिवसाला थोडी थोडी जाते. डाव्या चाकात काय निघालं? साधा रबरी व्हॉल्व्ह. सेन्सर नव्हताच! आधीच्या मालकाच्या काळात कधीतरी तो तुटला असणार आणि कुणीतरी साधा व्हॉल्व्ह बसवून दिला असणार. बाकीचे तिन्ही सेन्सर व्यवस्थित चालत होते. म्हणजे चार नाही, एकच सेन्सर लागणार होता. एक बसवला, स्कॅनरने त्याची ओळख गाडीला करून दिली, दिवा गेला. खराखुरा गेला.

मी त्या पंक्चरवाल्याला विचारलं, हे सेन्सर तुटतात कसे? तो प्रामाणिक माणूस. म्हणाला, "साहेब, व्हॉल्व्हच्या मागे असलं डबडं असतं हे आम्हाला कुणी सांगितलंय का? पहिल्यांदा टॉमी घातली तेव्हा कट्टकन आवाज आला. मालकाने शिव्या घातल्या, तेव्हा कळलं." आता तो व्हॉल्व्ह कुठे आहे ते बघून त्याच्या विरुद्ध बाजूने टायर सोडवतो. धातूचा व्हॉल्व्ह असेल तर आतली पिन साधी पितळी न टाकता निकेलची टाकतो, कारण ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये पितळी पिन कालांतराने गंजून अडकते. हे सगळं तो स्वतःच्या नुकसानातून शिकला. पंक्चरचं पातळ रसायन बाटलीतून आत सोडलं तर सेन्सरचं भोक बुजू शकतं, हेही त्यानेच सांगितलं.

इथे मला आपल्या तालुक्याची एक गंमत वाटते. हे दुकान ज्या रस्त्यावर आहे, तिथून पंधरा-वीस मिनिटांवर रांजणगाव एमआयडीसी. फियाट आणि टाटा यांच्या भागीदारीतल्या तिथल्या कारखान्यात २०१७ पासून जीप कंपास बनते. इथून ती इंग्लंड, जपान, ऑस्ट्रेलियाला गेली. २०२१ मध्ये रँग्लर, २०२२ मध्ये मेरिडियन आणि त्याच वर्षी ग्रँड चेरोकी, अशा गाड्यांची जुळणी तिथे सुरू झाली. दाजींची गाडी तिथली नव्हे, पण मुद्दा वेगळाच आहे. पाऊण कोटीची गाडी आपल्या शिरूर तालुक्यात जोडली जाते. आपलीच पोरं ती जोडतात. आणि त्याच रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याला चाकाच्या आत काय असतं ते शिकवायला एक दिवसाचं शिबिर कुणी घेतलेलं नाही. आयटीआय आहे, कारखाने आहेत, सामाजिक जबाबदारीचे निधी आहेत. छत्र्या वाटतात, दप्तरं वाटतात. चांगलंच आहे. पण त्यातला एक दिवस पंक्चरवाल्यांनाही द्या की.

आता हवेकडे येतो. कारण सेन्सरपेक्षा मोठा घोळ आपल्या डोक्यात आहे.

आपल्याकडे एक पक्का समज आहे. "उन्हाळा आहे, टायर फुटेल, दोन-चार पॉईंट कमीच ठेव." मी स्वतः हे शेकडो वेळा म्हटलंय. हे सरळसरळ उलटं आहे. टायर फुटतो तो बहुतेक वेळा कमी हवेने. मोठ्या एसयूव्हीचं चाक एका किलोमीटरला चारशेहून जास्त वेळा फिरतं. हवा कमी असेल तर प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू दबते आणि सुटते. लोखंडी तार वाकडी-सरळ, वाकडी-सरळ केली की कशी गरम होते आणि तुटते? तसंच. रबर तापतं, आतल्या तारांचा थर सुटायला लागतो आणि शंभरच्या वेगात एकदम फाटतो. वर भरलेली गाडी, खाली मे महिन्याचं डांबर. आपण हवा कमी ठेवून उन्हापासून वाचत नाही, उन्हाला मदत करतो.

दुसरा घोळ. पुण्याहून शिरूरला गाडी चालवून आलो, टायर तापलेत, पंपावर गेज लावलं, ३९ आलं. "जास्त झाली," म्हणून पोऱ्याने चार पॉईंट सोडले. तापलेल्या टायरात आकडा वाढणारच. सकाळी थंड झाल्यावर तिथे ३१ राहणार. गरम टायरातली हवा कधीच सोडायची नाही.

तिसरा घोळ हिवाळ्यातला. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की हवा एखाद्या पॉईंटने उतरते. दुपारी चौतीस अंशांत ३३ पॉईंट भरले आणि पहाटे पारा बारावर आला, तर टायरात साडेएकोणतीसच उरतात. पंक्चर नाही, गळती नाही, तरी साडेतीन पॉईंट गायब. म्हणूनच थंडीत पहाटे दिवा लागतो आणि दुपारी आपोआप जातो. लोक म्हणतात सेन्सर येडा झालाय. सेन्सर बरोबर असतो. टायर आधीच काठावर असतो, थंडी फक्त ते उघडं पाडते. नायट्रोजन भरला तरी हे गणित चुकत नाही. साध्या हवेत मुळात ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

चौथा घोळ म्हणजे लाथ. टायरला लाथ मारून हवा बघणारे आपण सगळेच. आजच्या रेडियल टायरात २५ आणि ३५ यातला फरक लाथेला कळत नाही, डोळ्यालाही कळत नाही. दाजींचं ते २५ वालं चाक मी स्वतः नीट बघितलं होतं. बाकीच्यांसारखंच दिसत होतं.

डोळ्याला कळत नाही, म्हणून तर हा सेन्सर जन्माला आला. त्याचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने ६५ लाख टायर परत मागवले. त्यातले बरेचसे फोर्ड एक्सप्लोरर या एसयूव्हीला लागलेले होते. धावता धावता टायरचा वरचा थर सुटायचा आणि उंच गाडी उलटायची. अडीचशेहून जास्त मृत्यूंची नोंद तिथल्या सरकारी यंत्रणेकडे झाली. टायरवाले म्हणाले, गाडीवाल्यांनी हवा कमी ठेवायला सांगितली. गाडीवाले म्हणाले, टायरच खराब. दोघं भांडत बसले. पण तिथल्या संसदेने त्याच वर्षी कायदा केला आणि सप्टेंबर २००७ पासून प्रत्येक नव्या हलक्या गाडीत हा दिवा सक्तीचा झाला. ठरलेल्या हवेपेक्षा पंचवीस टक्के कमी झाली की दिवा लागलाच पाहिजे, असा नियम. युरोपने २०१४ पासून सगळ्या नव्या मोटारींना तो लावला आणि जुलै २०२४ पासून नव्या ट्रक, बस आणि ट्रेलरनाही.

म्हणजे दाजी ज्या दिव्यावर ओके दाबून मोकळे होत होते, तो दिवा अडीचशे माणसं गेल्यावर लागलेला आहे. आणि आपला गॅरेजवाला तो काही मिनिटांत बंद करून देतो.

आपल्याकडे काय? २०२० मध्ये केंद्र सरकारने नियम बदलला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, हा सेन्सर आणि पंक्चर काढायचं किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालेल. बरोबर आहे, जागा वाचते. पण मग विचार करा. ज्या गाडीत स्टेपनी नाही कारण सेन्सर आहे, त्याच गाडीचा सेन्सर आपण बंद करून घेतला, तर रात्री अकरा वाजता न्हावऱ्याच्या पुढे काय करणार?

इथपर्यंत वाचून काही जण म्हणतील, पत्रकार, श्रीमंतांच्या गाड्यांचं कौतुक आम्हाला काय सांगता? अगदी बरोबर. आता तिथेच येतोय.

पन्नास लाखांच्या गाडीत पाच माणसं बसतात आणि त्यांना हवा कमी झाली तर दिवा सांगतो. त्याच रस्त्यावर पिकअपच्या हौद्यात पंधरा मजूर उभे असतात. त्यांना कोण सांगतं? पाटसकडे, आलेगावकडे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर जातो, ट्रॉलीला कुठल्या तरी ट्रकवरून उतरवलेले गोटा टायर. टायरगाडीला तर मोटारीचे टाकून दिलेले टायर. कायद्यात लिहिलंय की मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल पाहिजे. आपल्या ट्रॉलीच्या टायरवर नक्षी शोधायला भिंग लागेल. भरलेल्या ट्रॉलीचा टायर रात्री रस्त्यात बसला की ट्रॉली तिथेच उभी राहते, मागे दगड आणि झाडाचा फाटा. मग मागून दुचाकीवाला येतो. त्याची बातमीही मीच लिहितो. तिथे 'टायर फुटल्याने' हे शब्दही नसतात. 'उभ्या ट्रॉलीला धडक' एवढंच असतं. त्या धडकेच्या दोन तास आधी टायरात हवा नव्हती, हे बातमीत कुठेच येत नाही.

उलटही होतं. १ जुलै २०२३ ची रात्र आठवा. नागपूरहून पुण्याला येणारी खासगी बस सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर उलटली आणि पेटली. २५ माणसं गेली. सकाळी सगळीकडे एकच ओळ चालली, टायर फुटला. चालकाने तसं सांगितलं होतं. नंतर परिवहन विभागाच्या पाहणीत टायर फुटल्याच्या खुणा आढळल्या नाहीत. पण पहिल्या दिवसाची ओळ लोकांच्या डोक्यातून जात नाही. म्हणजे टायर खरोखर फुटतो तेव्हा आपण का विचारत नाही, आणि फुटलेला नसतो तेव्हाही फुटला म्हणून मोकळे होतो. दोन्हीकडे माणसाची जबाबदारी टायरवर ढकलायची. टायर काही उत्तर देत नाही.

मग करायचं काय? मला चार गोष्टी सुचतात. एकही अशक्य नाही.

एक, पंपावरची हवा. पेट्रोल पंपावर मोफत हवा ही मेहरबानी नाही, पंपचालकावर तेल कंपन्यांनी घातलेलं बंधन आहे. तुम्ही तेल भरा किंवा भरू नका. पण आपल्या पट्ट्यात दहा वेळा हवा मागा. कधी मशीन बंद, कधी पोऱ्या जेवायला गेलेला, कधी गेज भलतंच दाखवतंय. पेट्रोलचं पाच लिटरचं माप शिक्का मारलेलं असतं, ते आपण मागू शकतो. तेवढाच आग्रह हवेच्या गेजबद्दल धरायला पाहिजे. हवा नसेल तर पंपावरची तक्रार वही मागा आणि लिहा. भांडू नका, लिहा. शिरूर आणि दौंडच्या तहसीलदार साहेबांना विनंती, एकदा दोन्ही तालुक्यांतल्या पंपांची ही एवढी एकच गोष्ट तपासायला लावा.

दोन, गळीत हंगाम. हंगाम सुरू होताना ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायची मोहीम होते, फोटो येतात, आम्ही छापतो. त्याच दिवशी, त्याच जागी, टायरही बघा. गोटा टायर असेल तर ती ट्रॉली परत पाठवा. कारखान्याच्या गेटवर काट्याजवळ एक हवेचं मशीन ठेवा. ट्रॉल्या तशाही रांगेत तासन्‌तास उभ्या असतात, टायर थंड होतात. हवा तपासायला याहून चांगली जागा नाही.

तीन, पंक्चरवाले. आयटीआयने आणि रांजणगाव, कुरकुंभच्या कंपन्यांनी मिळून वर्षातून एक दिवस त्यांना द्यावा. सेन्सर कसा असतो, टॉमी कुठून लावायची, नोंद कशी करायची. हातात प्रमाणपत्र द्या, दुकानात लावतील. अपघात रोखणाऱ्या साखळीतला हा पहिला माणूस आहे आणि आपण त्याला फक्त 'ए पंक्चर' म्हणून हाक मारतो.

चार, आम्ही पत्रकार. ही कबुली म्हणून घ्या. यापुढे 'टायर फुटल्याने' लिहिण्याआधी मी तीन प्रश्न विचारणार. टायर किती वर्षांचा होता? त्याच्या बाजूवरच्या चार अंकांत बनल्याचा आठवडा आणि वर्ष असतं; ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी शिल्लक होती का? बाकीच्या टायरांत हवा किती होती? फुटलेला टायर बोलत नाही, पण शाबूत राहिलेले तीन बोलतात. उत्तर मिळालं नाही तर 'कारण समजू शकले नाही' असं लिहिणार. पोलिस मित्रांनाही विनंती आहे, पंचनाम्यात या तीन ओळी घाला. सहा महिन्यांनी बघू, आपल्या पट्ट्यात किती टायर 'नशिबाने' फुटले ते.

आणि तुमच्यासाठी एवढंच. काही शे रुपयांचं गेज घ्या आणि गाडीत ठेवा. दर पंधरा दिवसांनी सकाळी थंड टायरची हवा मोजा, दारावरच्या स्टिकरइतकी भरा. जुनी गाडी असेल तर व्हॉल्व्हच्या टोपणाच्या जागी बसणारे सेन्सर दोन-चार हजारांत मिळतात, तेही चालतात. दिवा लागला तर आधी गाडी बाजूला घ्या, चारही चाकं मोजा, खिळा शोधा, मग सेन्सरचा विचार करा. कुणी चारही सेन्सर बदला म्हटलं तर विचारा, स्कॅनर लावून कुठला बंद आहे ते दाखवता का? आणि कुणी म्हटलं की दिवाच बंद करून देतो, तर त्याला नमस्कार करा आणि निघा.

परवा दाजींचा फोन आला. आवाजात जरा अभिमान होता. "पत्रकारा, सकाळी दिवा लागला व्हता. पुढचं डावं सत्तावीस. गाडी न्हाई काढली, आधी हवा भरली." मग थोडं थांबून म्हणाले, "आता त्या ट्रॉलीच्या टायरला पण गेज लावून बघितलं. आरं, तिथं तर काटाच हालला न्हाई."

दाजींची ट्रॉली आता घराच्या अंगणात उभी आहे. टायर बदलल्याशिवाय ती हंगामाला जाणार नाही, असं ते म्हणालेत.

पटलं तर आपल्या गावच्या ग्रुपवर टाका. आणि तुमच्या जवळच्या पंपावर हवा मिळते का, गेज बरोबर आहे का, ते कमेंटमध्ये गावाच्या नावासह लिहा. यादी करून तहसील कार्यालयात मी स्वतः नेऊन देतो.